मैदानाचा धनी : कै. बाळू पालवणकर



आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत गेली काही वर्षे एक विषय पुनःपुन्हा निघतो व तितक्याच वेळा तो पुढील सभेवर ढकलला जातो. छत्रपती संभाजीनगरातील आपल्या समाजाच्या मुलांसाठी वर्गणी जमवून, जमल्यास स्वतः श्रम करून, खेळाचे एखादे मैदान तयार करावे असा तो विषय होय. पैसा कोठून आणावयाचा या प्रश्नावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो मैदान कोणासाठी, या प्रश्नावर. आपल्याच पोटजातींपैकी कोणाचा हक्क अधिक, वर्गणी न देणाऱ्याच्या मुलास येऊ द्यावे की नाही, अन्य समाजाची मुले आली तर काय, असे फाटे फुटतात व घड्याळाकडे पाहून सभा संपते. अशा वेळी आम्हांस एका थोर पुरुषाचे स्मरण होते. आपल्या समाजात जन्मास येऊन, ज्याने आधी दुसऱ्यांची मैदाने झाडली व मग तीच मैदाने गाजविली, त्या कै. बाळू पालवणकर यांचे चरित्र संपादक मंडळाच्या आज्ञेवरून आम्ही येथे अल्पमतीप्रमाणे सादर करीत आहो.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई-पुण्याकडील घडामोडी आपल्या वाडवडिलांपर्यंत उशिरा व तुटक पोहोचत. त्यामुळे बाळूंचे नाव आपल्याकडील पुष्कळ घरांत माहीत नाही. मुलांना विचारावे तर आजच्या सर्व खेळाडूंची नावे तोंडपाठ आहेत. परंतु हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज आपल्या चर्मकार समाजातला होता हे सांगितले की ती आमच्याकडे संशयाने पाहतात.

पालवणकर हे घराणे मूळचे कोकणातील. तेथील गावाच्या नावावरून ते आडनाव आले. बाळूंचे वडील लष्कराच्या चाकरीत होते व त्या चाकरीनिमित्त कुटुंब धारवाडास असताना १८७५-७६ च्या सुमारास बाळूंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुण्यास आले. छावणीच्या आश्रयाने राहणाऱ्या कुटुंबांची परिस्थिती कशी असते हे आम्ही छावणीच्या शहरात राहणाऱ्यांनी वेगळे सांगावयास नको. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम चेंडूफळी खेळू लागले. शाळा फार काळ लाभली नाही. घरात खाणारी तोंडे अनेक होती. मुलाने चार पैसे आणणे प्राप्त होते.

पहिली नोकरी लागली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे, पगार दरमहा ३ रुपये. क्वचित एखाद्या सभासदास सराव हवा असला तर चार चेंडू टाकावयास मिळत. १८९२ च्या सुमारास बाळू पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात लागले. तेथे पगार ४ रुपये झाला व कामही वाढले. पहाटे खेळपट्टीवर पाणी मारावयाचे, रूळ ओढावयाचा, फक्कीने रेषा आखावयाच्या, सरावाच्या जाळ्या उभारावयाच्या आणि टेनिसची मैदानेही राखावयाची. ज्यांनी शेतात वा रस्त्यावर जमीन चोपून सपाट केली आहे त्यांनाच हे कष्ट समजतील. मैदान पाहणारा हिरवळ पाहतो. ते राखणाऱ्यास मात्र ओल किती मुरली, ऊन किती लागले, भेग कोठे पडणार आणि चेंडू कोठे उसळणार हे पायाखाली कळते. बाळूंची क्रिकेटची खरी शाळा हीच होती असे आम्हांस वाटते.

त्या जिमखान्यातील एका गोऱ्या सभासदाने बाळूंना एकदा सरावासाठी चेंडू टाकावयास सांगितले. बाळू डावखुरे होते. चेंडूचा वेग बेताचा, परंतु तो दोन्ही बाजूंस वळे व टप्पा हवा तेथेच पडे. थोड्याच दिवसांत कॅप्टन ग्रेग या नावाजलेल्या फलंदाजाची दृष्टी त्यांच्यावर गेली. ग्रेग हा विलायतेत हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेला कसलेला गडी होता. इतर मंडळी येण्यापूर्वी तो तासभर आधी मैदानावर येई व बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने ठरविले होते असे सांगतात. महिन्याला ४ रुपये मिळविणाऱ्या पोरास आठ आणे ही थोडी रक्कम नव्हे. अशा रीतीने ग्रेगची फलंदाजी सुधारली व बाळूंची गोलंदाजी धारदार झाली. मात्र इतक्या वर्षांत फळी हाती घेऊन खेळण्याची संधी बाळूंना तेथे एकदाही मिळाली नाही. फलंदाजी ही साहेबांनी करावयाची. चेंडू टाकणे व आणून देणे हे चाकराचे काम, अशी ती वाटणी होती.

गोऱ्यांच्या जिमखान्यातील या गोलंदाजाची कीर्ती पुण्याच्या हिंदु क्रिकेट मंडळींच्या कानी गेली. गोऱ्यांना हरवावयाचे तर बाळू आपल्याकडे हवेत, हे त्यांना दिसत होते. परंतु चर्मकारास संघात घ्यावयाचे कसे? यावर बराच खल झाला. काही सनातनी सभासदांचा विरोध होता. काहींनी बाळूंची बाजू उचलून धरली. अखेर विजयाची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली व बाळू संघात आले.

संघात आले, पण कसे आले तेही पाहावे. मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे तोच चेंडू त्यांचे सोबती निःशंकपणे झेलीत व परत त्यांच्या हाती देत. त्या वेळी विटाळ होत नसे. मग चहाची वेळ झाली की मंडळी आत जाऊन चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, टाकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट निराळे, पंगत निराळी. तोंड धुवावयाचे झाल्यास एखादा अस्पृश्य मानलेला गडी दुरून पाणी घाली. ज्याने बळी घ्यावेत त्यालाच अंगणात बसवावे, असा हा न्याय होता. बाळूंनी या काळात कोणाशी हुज्जत घातल्याचे ऐकिवात नाही. ते चहा पीत, भांडे टाकून देत व पुन्हा गोलंदाजीस उभे राहत. त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना आमच्या वयाच्या वाचकांना सहज करता येईल.

साताऱ्याच्या सामन्याची हकीकत अशी सांगतात. तेथील गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंचा धसका घेऊन खेळपट्टी रूळ फिरवून फिरवून मंद करून ठेवली, हेतू हा की चेंडू वळू नये. परंतु ज्याचे आयुष्य खेळपट्टी राखण्यात गेले त्यालाच खेळपट्टीने फसविण्याचा हा घाट होता. बाळूंनी त्या मैदानावर सात गडी टिपले व पुण्याच्या संघाने सामना जिंकला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, अशा आशयाची कानउघाडणी जाहीरपणे केली. लोकमान्य टिळकांनीही एका समारंभात बाळूंचा गौरव केला. ज्या काळात रस्त्यावरून जाताना अंग चोरावे लागे त्या काळात पुण्यासारख्या शहरी हा प्रकार घडला, हे लक्षात घ्यावे.

१८९६ साली मुंबईत व पाठोपाठ पुण्यात प्लेगने थैमान घातले. पुढे बाळू मुंबईस आले. काही काळ लष्करात व नंतर रेल्वेत त्यांनी नोकरी केली आणि परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याकडून ते खेळू लागले. येथे या जिमखान्यांचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या मैदानाच्या प्रश्नाशी त्याचा निकट संबंध आहे.

मुंबईच्या किल्ल्यासमोरील मोकळ्या मैदानावर देशी मुले चेंडूफळी खेळत. शेजारी गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना १८७५ साली स्थापन झाला. त्यात देशी माणसास सभासद होता येत नसे. हे साहेब लोक त्या सार्वजनिक मैदानावर पोलो खेळत व घोड्यांच्या टापांनी जमीन उखणून टाकीत. त्या उखणलेल्या जमिनीवर चेंडू टप्पा घेणार कसा? पारशी व इतर देशी खेळाडूंनी अर्जांमागून अर्ज केले. १८८० नंतरची काही वर्षे हा झगडा चालला. अखेर समुद्रकाठच्या भराव टाकलेल्या जागेत निरनिराळ्या समाजांना मैदाने मिळाली. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदु जिमखाना १८९४ चा. मुसलमान बांधवांचाही जिमखाना त्याच ओळीत झाला. जमीन सरकारने दिली. पण ती सपाट करणे, हिरवळ लावणे, इमारत बांधणे हा खर्च त्या त्या समाजातील धनिकांनी व सभासदांनी उचलला. समाजाने स्वतःसाठी मैदान उभे करावे, याचे आपल्या प्रांतातील हे ठळक उदाहरण होय. पाश्चात्य देशांत लहान लहान गावांचे रहिवासी वर्गणी काढून व स्वतः दगड वेचून गोल्फचे मैदान तयार करतात; त्याच जातीचा हा उद्योग. परंतु आपल्याकडे त्यात एक वैगुण्य राहिले. प्रत्येक समाजाने आपली भिंत वेगळी घातली आणि त्या भिंतीच्या आतही पुन्हा उंबरे ठेवले.

मुंबईच्या हिंदु जिमखान्याने हा आतला उंबरा पुण्याच्या मानाने लवकर ओलांडला. तेथे बाळूंना सोबत्यांबरोबर बसून खाता-पिता येऊ लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदु संघाची गाठ गोऱ्यांच्या संघाशी पडली, तीही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, जेथे देशी माणसास सभासदत्व नव्हते. हिंदु संघाने २४२ व १६० धावा केल्या. गोऱ्यांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. त्या काळच्या समाजसुधारकांनी गोऱ्यांच्या पराभवाइतकेच महत्त्व या गोष्टीस दिले की, हिंदु खेळाडू जातिभेद बाजूस ठेवून एकत्र खेळले व एकत्र जेवले. पुढील वर्षापासून गोरे, पारशी व हिंदु अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ पासून मुसलमान संघ येऊन ती चौरंगी झाली.

बाळूंच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे १९११ सालचा विलायतेचा दौरा. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. संघात सरदार होते, श्रीमंत पारशी होते, मुसलमान होते. आणि त्यांच्या जोडीस बाळू व शिवराम हे दोन चर्मकार बंधु होते. संघाने बहुतेक सामने गमावले. परंतु त्या पडत्या संघातही बाळूंनी दौऱ्यात एकंदर ११४ बळी मिळविले, त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ गडी बाद केले. त्या वेळी त्यांची पस्तिशी उलटली होती व खांदा दुखत असे. इंग्रज जाणकारांनी त्यांची गणना आपल्याकडील उत्तम गोलंदाजांच्या बरोबरीने केली. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या काळी विद्यार्थीदशेत होते. बाळूंविषयी त्यांना अभिमान होता व बाळूंचा गौरव करण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतलेला होता.

एवढे होऊनही हिंदु संघाचे कर्णधारपद बाळूंच्या वाट्यास आले नाही. गुणाने व वयाने ते सर्वांत वडील. पण दर वर्षी निवड उच्चवर्णीय खेळाडूची होई. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनीच, हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे मोकळेपणाने बोलून दाखविले. १९२० साली पुण्याच्या सामन्यांच्या वेळी निवड समितीने बाळूंना वगळले व त्यांच्या बंधूंचाही हक्क डावलला, तेव्हा शिवराम व विठ्ठल या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले व आपले म्हणणे जाहीरपणे मांडले. वृत्तपत्रांत चर्चा झाली. समितीस माघार घ्यावी लागली. बाळू उपकर्णधार झाले, बंधु परतले, आणि कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर राहिल्याने संघाचे नेतृत्व प्रत्यक्ष बाळूंनी केले. जे थोरल्यास पूर्णपणे मिळाले नाही ते धाकट्यास मिळाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले व त्यांच्या हाताखाली संघाने विजय मिळविला. या विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. चौथे बंधु गणपत हेही नामांकित खेळाडू होते. एका घरातील चार भावांनी असा पराक्रम केल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले व प्रत्येक बळीमागे सरासरी १५ च धावा दिल्या. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तेव्हा बाळूंची पन्नाशी केव्हाच उलटलेली होती. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

खेळ संपल्यावर बाळू राजकारणात उतरले. हा त्यांच्या चरित्रातील नाजूक भाग आहे. परंतु चरित्रकाराने तो टाळू नये असे आम्हांस वाटते. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत हे बाबासाहेबांचे मत बाळूंना मान्य नव्हते. त्यांचा ओढा संयुक्त मतदारसंघाकडे व गांधीजींकडे होता. १९३२ च्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे तशीच बाळूंचीही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्धच उभे केले. बाबासाहेबांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, त्या आपल्या शहरात राहून आम्हांस बाबासाहेबांचे ऋण विसरता येणे शक्य नाही. त्या लढतीत जनतेने दिलेला कौल योग्य होता असेच आमचे मत आहे. तथापि, मत निराळे होते म्हणून बाळूंचे मोठेपण पुसून टाकावे हेही आम्हांस योग्य वाटत नाही. ज्याने सवर्णांच्या शेजारी बसण्याचा मान चेंडूच्या बळावर एकेक पाऊल करून मिळविला, त्यास एकत्र राहूनच पुढे जाता येईल असे वाटले, तर त्यात नवल नाही. बाबासाहेबांनी तेच दुःख पाहिले व निराळा निष्कर्ष काढला.

१९५५ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस मुंबईत बाळूंचे देहावसान झाले. घटनेने अस्पृश्यता नष्ट केल्यास त्या वेळी पाच वर्षे झाली होती.

बाळूंच्या वाट्यास आलेला अंगणातला चहा ही आपल्याच देशाची गोष्ट आहे असे मात्र समजू नये. दक्षिण आफ्रिकेत डर्बनकडे पापवा सेवगोलुम नावाचा एक भारतीय वंशाचा गरीब मनुष्य होता. साहेबांच्या गोल्फच्या काठ्यांची थैली खांद्यावर वाहणे हे त्याचे काम. पाहता पाहता तो खेळ शिकला व १९५९ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकून आला. १९६३ साली त्याने स्वतःच्या देशात नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली. परंतु गौरेतरांना क्लबाच्या इमारतीत प्रवेश नसल्याने त्यास चषक देण्यात आला तो बाहेर, पावसात. गोरी मंडळी आत छपराखाली होती. बाळूंचे मातीचे भांडे व पापवाचा पावसात भिजलेला चषक यांत काय अंतर आहे? देश निराळा, खेळ निराळा, उंबरा तोच.

आता आमचा स्वतःचा एक अनुभव सांगून हा लेख पुरा करितो. आमच्या लहानपणी, मराठवाड्यातील एका शाळेत, स्नेहसंमेलनापूर्वी आमच्या वस्तीतल्या पोरांना मैदानावर बोलावीत. दगड वेचणे, पाणी मारणे, फक्की ओढणे ही कामे आमची. सामन्याच्या दिवशी संघाची नावे वाचली जात तेव्हा त्यांत आमच्यापैकी कोणी नसे, आणि आम्हांसही त्यात काही वावगे वाटत नसे. बाळूंचे नाव तोवर आमच्या कानी आले नव्हते. आले असते तर निदान एखाद्याने गुरुजींना विचारले असते. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो तेव्हा एक नियम केला व सेवानिवृत्तीपर्यंत पाळला. जो खेळणार त्याने दगड वेचावयाचे. आणि ज्याने दगड वेचले त्याचे नाव संघात घालावयाचे, मग तो कोणाचाही मुलगा असो. मुलींनाही हाच नियम. त्या नियमाने आमच्या शाळेस ढाली फारशा मिळाल्या नाहीत हे खरे आहे. पण मैदानाबाहेर चहा पिण्याची पाळी आम्ही कोणावर येऊ दिली नाही.

मंडळाने मैदानाचा विषय आणखी एका सभेवर ढकलू नये अशी आमची विनंती आहे. मुरूम टाकावयास मनुष्यबळ लागेल ते आपल्या घरांत आहे. या वयातही घमेले उचलण्यास आम्ही स्वतः येऊ. मात्र प्रवेशाचा नियम लिहिताना कोणाची पोटजात विचारू नये, वर्गणीची पावती मुलाच्या हाती मागू नये, आणि शेजारच्या वस्तीतील पोर फळी घेऊन आले तर त्यास आत घ्यावे. पाण्याचा माठ एकच असावा. मैदानास नाव द्यावयाचे झाल्यास देणगीदाराचे न देता, ज्याने ४ रुपये पगारावर मैदान राखले त्या बाळू पालवणकरांचे द्यावे, एवढीच आमची सूचना आहे. सभेने तिचा विचार करावा.

इत्यलम्.